परदेशात बस्तान बसवताना: कोणता कागद आधी, कोणता नंतर

बँकेने सांगितलं, खातं उघडायचं तर पत्त्याचा पुरावा आणा. घरमालक म्हणाला, भाडेकरार करायचा तर इथल्या बँकेचं खातं दाखवा. नगरपालिकेत गेले तर तिथे भाडेकरार हवा होता, आणि मोबाइल कंपनीला हवा होता नगरपालिकेचा नोंदणी क्रमांक. चार खिडक्या, आणि प्रत्येक जण शेजारच्या खिडकीकडे बोट दाखवतोय. आधी कोंबडी की आधी अंडं, हा प्रश्न मला त्या आठवड्यात फार जवळून कळला.

परदेशी जायचं ठरलं की घरात पहिला विषय निघतो तो बॅगांचा. तीन देशांत बिऱ्हाड हलवल्यावर माझं मत असं झालं आहे की बॅगा हा सगळ्यात सोपा भाग. घोडं अडतं ते कामांच्या क्रमावर. त्यामुळे इथे मी यादी देण्यापेक्षा क्रम सांगणार आहे.

सहा महिने आधी: व्हिसाच्या अटी आणि नोकरीचं पत्र

व्हिसा हातात आला की आपण त्यावरची तारीख बघतो आणि फोटो काढून घरच्यांना पाठवतो. अटी कोणी वाचत नाही. निदान तीन गोष्टी शोधून वाचाच. कामाचा परवाना एकाच कंपनीशी बांधलेला आहे का? जोडीदाराला तिथे काम करता येईल का, की त्याचा वेगळा अर्ज आहे? आणि नोकरी सुटली तर देशात किती दिवस राहता येईल? अमेरिकेच्या एच-१बी व्हिसावर ही मुदत जास्तीत जास्त ६० दिवसांची असते. ६० दिवसांत नवी नोकरी, नाहीतर घर, शाळा, गाडी सगळं आवरून परत. हे आधी माहीत असलेला माणूस पहिल्याच महिन्यात महागडी गाडी हप्त्यावर घेत नाही.

नोकरीच्या पत्रात 'स्थलांतराचा खर्च कंपनी करेल' अशी एक गुळगुळीत ओळ असते. तिचे आकडे लेखी मागा: सामान किती घनमीटर, तात्पुरतं घर किती आठवडे, विमानाची तिकिटं किती जणांची, पहिल्या वर्षी कर सल्लागाराची फी कोण देणार. वर्षाच्या आत नोकरी सोडली तर हा सगळा खर्च परत द्यावा लागेल, असं कलम पुष्कळ करारांत असतं, तेही बघून ठेवा. पगाराचा आकडा कर कापण्याआधीचा आहे की हातात पडणारा, हे विचारायला लाजू नका.

घरात कुत्रा-मांजर असेल तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून आधी त्याचं बघा, कारण त्याचे कागद तुमच्यापेक्षा जास्त वेळ खातात. क्रम असा: आधी १५ अंकी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, मग रक्ततपासणी. लस आधी टोचली आणि चिप नंतर बसवली तर ती लस धरतच नाहीत, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. रक्ततपासणी लागू असलेल्या देशातून युरोपीय संघात जाताना रक्त घेतल्यानंतर तीन महिने थांबावं लागतं, जपानसाठी १८० दिवस.

कागदांची फाइल

पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपुढे निदान सहा महिने असावी, असा बऱ्याच देशांचा नियम आहे. ती वर्षभरात संपणार असेल तर निघण्याआधीच नवा करून घ्या. व्हिसा जुन्या पासपोर्टवर आणि पासपोर्ट नवा, अशी दोन पुस्तकं घेऊन फिरण्याचा वैताग टळतो.

मग येतात मूळ दाखले: जन्म, विवाह, पदवी, अनुभव, मुलांचे शाळेचे आणि लसीकरणाचे कागद, घटस्फोट झाला असेल तर त्याचा आदेश. एका देशाचा दाखला दुसऱ्या देशात खरा मानला जावा म्हणून त्यावर अपॉस्टील, म्हणजे कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का, लागतो. ही सोय ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारातून आली आणि आज १२० हून जास्त देश त्यात आहेत. चीन २०२३ च्या नोव्हेंबरात आणि कॅनडा २०२४ च्या जानेवारीत आला, त्यामुळे जुन्या मित्राने सांगितलेली पद्धत आज लागू असेलच असं नाही. दोन्हीपैकी एक देश करारात नसेल तर दूतावासातून साक्षांकन करून घ्यावं लागतं. त्याला आठवडे जातात.

इथे एक क्रम लोक हमखास चुकवतात. आधी अपॉस्टील, मग भाषांतर. अपॉस्टीलचा शिक्का हाही कागदाचा भाग असतो, त्याचंही भाषांतर लागतं. भाषांतर आधी करून घेतलं तर ते दुसऱ्यांदा करावं लागतं, आणि पैसे दोनदा जातात. शिवाय कित्येक देशांत फक्त तिथल्या न्यायालयाकडे किंवा सरकारकडे नोंद असलेल्या शपथबद्ध भाषांतरकाराचंच काम चालतं. त्यामुळे भाषांतर निघण्याआधी करायचं की पोचल्यावर, हे ज्या कचेरीत कागद द्यायचा आहे तिलाच विचारा.

दाखल्याला वयही असतं. तुमचा जन्म बदललेला नसतो, तरी काही कचेऱ्यांना जन्मदाखल्याची गेल्या तीन किंवा सहा महिन्यांत काढलेली प्रतच लागते. पोलिसांच्या चारित्र्य दाखल्याचंही तसंच. हा दाखला तुम्ही आजवर राहिलेल्या प्रत्येक देशाकडून मागितला जाऊ शकतो, म्हणून एखादा देश सोडतानाच तिथला दाखला काढून ठेवावा. नंतर लांबून बोटांचे ठसे पाठवत बसणं हा निव्वळ मनस्ताप आहे. मात्र अर्ज करताना मुदतीत बसेल असा ताजा लागला, तर तो पुन्हा काढण्याची तयारी ठेवा.

आता नावाबद्दल. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ खुणांच्या. पहिल्या ओळीत देशाचा कोड, मग आडनाव, मग दोन बाणासारखी चिन्हं, मग नाव. विमानतळावरचं यंत्र, बँकेचं स्कॅनर, व्हिसाची संगणक प्रणाली, सगळे ही ओळ वाचतात. नावासाठी तिथे ३९ जागा असतात. त्याहून लांब नाव कापलं जातं, आणि आडनावाचा रकाना रिकामा असेल तर तुमचं अख्खं नाव आडनाव होऊन बसतं. माझ्या पहिल्या भाडेकरारावर घरमालकाने हौसेने नाव आणि आडनाव उलटसुलट लिहिलं. मी म्हटलं, चालतंय. बँकेतल्या बाईंनी एक पट्टी काढली, पासपोर्टच्या त्या ओळीखाली धरली, मग करारावर धरली, आणि मान हलवली. नवा करार सही होऊन येईपर्यंत तीन आठवडे गेले, आणि माझा पहिला पगार तोवर कंपनीतच पडून राहिला. तेव्हापासून मी प्रत्येक फॉर्मवर नाव त्या ओळीत आहे तसंच लिहिते, मधलं नाव, स्पेलिंग, सगळं तसंच.

पैसा, आणि त्याहून महत्त्वाचा ओटीपी

निदान तीन महिन्यांचा खर्च हाताशी असावा. त्यात घराची अनामत धरू नका, ती वेगळी. जर्मनीत कायद्याने ती तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत घेता येते. इंग्लंडमध्ये बहुतेक घरांसाठी पाच आठवड्यांच्या भाड्याची मर्यादा आहे, आणि घरमालकाने ती रक्कम ३० दिवसांत संरक्षित योजनेत ठेवायची असते. जपानमध्ये अनामतीशिवाय 'रेइकिन' नावाची रक्कम मागतात. ती घरमालकाला दिलेली भेट असते, परत मिळत नाही.

तुमची पत मात्र सीमेवर उतरून राहते. जुन्या देशात २० वर्षं हप्ते वेळेवर भरलेले असोत, नव्या देशात तुमची पाटी कोरी. म्हणून निघताना तीन पत्रं मागून घ्या: बँकेचं, जुन्या घरमालकाचं, आणि गाडीच्या विम्याचा इतक्या वर्षांत दावा केला नाही असं विमा कंपनीचं. तिसऱ्या पत्राची आठवण कोणालाच होत नाही, आणि काही ठिकाणी त्यावर नव्या विम्याचा हप्ता बराच उतरतो.

जुनं बँक खातं लगेच बंद करू नका, पण बँकेला निवास बदलल्याचं कळवा. काही देशांत अनिवासी माणसाला खात्याचा प्रकार बदलून घ्यावा लागतो. आणि आता खरी गोम: त्या खात्याचा ओटीपी तुमच्या जुन्या नंबरवर येतो. नंबर बंद पडला की खातं, कर विभागाचं पोर्टल, ईमेल, सगळ्याला एकदम कुलूप. निघण्याच्या महिनाभर आधी एका संध्याकाळी बसून यादी करा, कुठे कुठे तो नंबर दिलेला आहे. जिथे शक्य तिथे कोड देणारं अ‍ॅप लावा, पर्यायी कोड कागदावर उतरवून घ्या, आणि जुना नंबर सगळ्यात स्वस्त प्लॅनवर जिवंत ठेवा. फोनमध्ये ई-सिमची सोय असेल तर नवा नंबर ई-सिमवर आणि जुनं कार्ड त्याच फोनमध्ये, असं दोन्ही चालतं.

पैसे पाठवताना 'शुल्क शून्य' या पाटीला भुलू नका. कमाई दरात दडलेली असते. त्या क्षणीचा बाजारातला मधला दर बघा, तुम्हाला दिलेला दर बघा, फरकाला रकमेने गुणा. तेच खरं शुल्क. मोठी रक्कम असेल तर ती कुठून आली याचे कागद जपून ठेवा, घर विकल्याचा करार, बचतीचा उतारा, काहीही. समोरची बँक कधी ना कधी विचारते.

कर: १८३ दिवसांपलीकडे

'वर्षात १८३ दिवसांहून कमी राहिलं की तिथे कर नाही' हे वाक्य इतकं फिरलेलं आहे की लोक त्यालाच कायदा समजतात. दिवस मोजतात हे खरं, पण बऱ्याच देशांत तेवढंच बघत नाहीत. दोन देश एकाच वेळी तुम्हाला आपला रहिवासी म्हणू लागले आणि त्यांच्यात कर-करार असेल, तर सहसा पायरीपायरीने ठरतं: कायमचं घर कुठे, कुटुंब आणि आर्थिक व्यवहार कुठे, नेहमीचं राहणं कुठे, आणि शेवटी नागरिकत्व. अमेरिकी नागरिकांना तर कुठेही राहिले तरी जगभरच्या उत्पन्नाचं विवरण अमेरिकेत भरावं लागतं.

करवर्षही सगळीकडे एक नसतं. ब्रिटनचं ६ एप्रिलला सुरू होतं, ऑस्ट्रेलियाचं १ जुलैला, पुष्कळांचं १ जानेवारीला. निघायची तारीख दोन-तीन आठवडे पुढेमागे करता येत असेल तर ती ठरवण्याआधी कर सल्लागाराला एकदा तरी भेटा. आणि 'त्यांना कसं कळणार' या भ्रमात राहू नका. २०१४ मध्ये ठरलेल्या सामाईक मानकानुसार २०१७ पासून शंभराहून जास्त देश आणि प्रदेश परकीय खातेदारांची माहिती एकमेकांना आपोआप पाठवू लागले आहेत.

येण्याजाण्याच्या तारखांची एक साधी वही ठेवा आणि बोर्डिंग पास टाकून देऊ नका. पाच वर्षांनी कायम वास्तव्याचा अर्ज भरताना ती वही सोन्याची वाटते.

औषधं आणि विम्यातली फट

रोजची औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. चिठ्ठीवर कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ रासायनिक नाव हवं, कारण तिथल्या दुकानात तुमची कंपनी कोणी ओळखणार नाही. आणि आपल्याकडे सहज मिळतं ते तिकडे चालतंच असं नाही. सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असेल तर जपानमध्ये नेता येत नाही. अ‍ॅम्फेटामिन असलेली औषधं तर चिठ्ठी असूनही नाहीत. बाकीची चिठ्ठीवरची औषधंही तिथे परवान्याशिवाय साधारण महिनाभराचीच नेता येतात. झोपेच्या, वेदनेच्या किंवा लक्ष केंद्रित करण्याच्या गोळ्या असतील तर त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावरची यादी तपासल्याशिवाय बॅग भरू नका.

विम्यात एक फट असते. नव्या देशाची आरोग्यव्यवस्था नोंदणी झाल्यावर लागू होते आणि जुनी निघताच संपते. मधले दिवस उघडे पडतात. त्या दिवसांसाठी वेगळा विमा घ्या, आणि जुने आजार व बाळंतपण यांना किती महिने थांबावं लागतं ते कलम वाचा. स्वित्झर्लंडमध्ये विमा घ्यायला तीन महिन्यांची मुदत असते, पण हप्ता मात्र आल्या दिवसापासूनचा द्यावा लागतो. म्हणजे उशीर करून वाचत काहीच नाही. दात आणि चष्मा निघण्याआधी उरकून घ्या.

सामान: न्यायचं काय

जहाजाने सामान पाठवताना पैसे जागेचे लागतात. वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण ३३ घनमीटर जागा असते. तेवढं नसेल तर कंटेनर दुसऱ्यांबरोबर वाटून घेता येतो. तो स्वस्त पडतो, पण सगळ्यांचं सामान जमेपर्यंत थांबतो. विमानाने पाठवायचं तर पेटीची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ६००० ने भागा. आलेला आकडा प्रत्यक्ष वजनाहून जास्त असेल तर पैसे त्या आकड्याचे. उशा आणि रजया म्हणूनच महाग पडतात.

माझा नियम असा: बदलून मिळतं ते नेऊ नका. विजेची उपकरणं तर नाहीच. जपानमध्ये १०० व्होल्ट, उत्तर अमेरिकेत १२०, युरोपात २३०. लॅपटॉपच्या चार्जरवर '१००-२४०' छापलेलं असतं, त्याला फक्त पिन बदलली की झालं. मिक्सर, इस्त्री, केस वाळवायचं यंत्र यांना तसं नसतं. मी एक इस्त्री हट्टाने नेली होती. ती आठ सेकंद चालली.

सीमाशुल्काच्या यादीत प्रत्येक पेटीचा क्रमांक आणि अंदाजे किंमत लिहा. 'किरकोळ' असं लिहिलेली पेटीच हमखास उघडली जाते. युरोपीय संघात वापरातलं घरसामान शुल्काशिवाय नेता येतं, पण साधारणपणे ते सहा महिने तरी वापरलेलं हवं, त्याआधी १२ महिने तुम्ही संघाबाहेर राहिलेलं हवं, आणि तुम्ही तिथे राहायला गेल्यापासून १२ महिन्यांच्या आत ते न्यायला हवं. निघण्याच्या आदल्या आठवड्यात घेतलेला नवा टीव्ही यात बसत नाही. ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला जाणार असाल तर बूट, सायकलची चाकं, बागेची हत्यारं घासून स्वच्छ करा. तळव्याला चिकटलेल्या मातीवरूनही तिथे अडवतात. लाकडी खोकं असेल तर त्यावर कीडमुक्त केल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का हवा. पॉवर बँक नेहमी हातातल्या बॅगेत, १०० वॅट-तासांपर्यंत.

पोचल्यावर: साखळी कुठून तोडायची

आता त्या चार खिडक्यांकडे येऊ. जवळपास प्रत्येक देशात एक कागद असा असतो की तो मिळाला की बाकीची दारं उघडतात. जर्मनीत पत्त्याची नोंदणी, घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत, घरमालकाच्या सहीच्या फॉर्मसह. नेदरलँड्समध्ये चार महिन्यांहून जास्त राहणार असाल तर पाच दिवसांत नगरपालिकेत, तिथून मिळतो बीएसएन, म्हणजे तिथला नागरी ओळख क्रमांक. जपानमध्ये १४ दिवसांत नगर कार्यालयात, तिथे निवास कार्डाच्या मागे पत्ता लिहून देतात. तुमच्या देशातला तो कागद कोणता हे निघण्याआधी शोधा, आणि भेटीची वेळ विमानात बसण्याआधीच घ्या. मोठ्या शहरांत या वेळा आठवडे आधी भरलेल्या असतात.

म्हणून पहिलं तात्पुरतं घर निवडताना स्टेशनपासून अंतर किती यापेक्षा एकच प्रश्न विचारा: 'या पत्त्यावर मला नोंदणी करता येईल का, आणि तसं तुम्ही लिहून द्याल का?' नाही म्हणणारं घर कितीही सुंदर असो, सोडा. माझ्या पहिल्या मुक्कामातली सगळी रखडपट्टी या एका प्रश्नाने वाचली असती. त्याखेरीज कंपनीकडून नोकरी, पगार आणि सध्याचा पत्ता लिहिलेलं पत्र मागा. बँक अडून बसलीच तर ते कामी येतं. पासपोर्टवर खातं देणारी ऑनलाइन बँक असेल तर पहिला पगार तिथे घेता येतो.

कायमचं घर बघताना न पाहिलेल्या घराचे पैसे देऊ नका. 'मी सध्या परदेशात आहे, किल्ली कुरियरने पाठवतो' हे वाक्य दिसलं की संभाषण तिथेच थांबवा. 'सामानाशिवाय' या शब्दाचा अर्थही विचारा. जर्मनीत त्याचा अर्थ पुष्कळदा स्वयंपाकघरात ओटासुद्धा नाही असा असतो. नेदरलँड्समध्ये जमिनीचं आवरणही आधीचा भाडेकरू काढून नेतो, आणि छतातून लोंबणाऱ्या नुसत्या वायरी तुमचं स्वागत करतात. ताबा घेताना प्रत्येक भिंतीचा फोटो, मीटरचे आकडे, किल्ल्यांची संख्या, आणि त्यावर दोघांची सही. अनामत परत मिळते ती याच फोटोंमुळे.

गाडी चालवणाऱ्यांसाठी: आंतरराष्ट्रीय परवाना हा तुमच्या परवान्याचं भाषांतर आहे, स्वतंत्र परवाना नाही. रहिवासी झाल्यावर घड्याळ सुरू होतं, जर्मनीत सहा महिने, ब्रिटनमध्ये १२. काही देशांचे परवाने नुसते बदलून मिळतात, बाकीच्यांना परीक्षा. मुदत उलटून गेल्यावर गाडी चालवली तर विमाही हात वर करू शकतो.

भाषा शिकायला वेळ नाही असं सगळेच म्हणतात. निदान आकडे, तारखा आणि फोनवर आपलं नाव एकेक अक्षर सांगणं एवढं शिका. कचेरीत तेवढंच लागतं. उरलेलं एकटेपण बहुधा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, कामं संपल्यावर येतं. मानववंशशास्त्रज्ञ कालेर्व्हो ओबर्ग यांनी १९६० मध्येच या टप्प्यांबद्दल लिहिलं होतं: आधी मधुचंद्र, मग चिडचिड, मग हळूहळू जुळवून घेणं. घरी बसावं लागलेल्या जोडीदाराला हा मधला टप्पा जास्त लांब जातो. त्याच्या नावाचा भाषावर्ग आणि त्याच्या नावाचं बँक खातं पहिल्याच महिन्यात करून टाका.

आणि नव्या घरी पोचलात की बॅग उघडण्याआधी खाली दाराशी जा आणि टपालपेटीवर आणि घंटीवर आपलं नाव चिकटवा. जर्मनीसारख्या ठिकाणी फ्लॅटला क्रमांक नसतो, पोस्टमन नाव बघून टपाल टाकतो. कर क्रमांक, बँकेचं कार्ड, विम्याचं कार्ड, सगळं त्याच पेटीत येतं. माझं पहिलं कार्ड 'या पत्त्यावर अशी व्यक्ती नाही' म्हणून परत गेलं होतं, आणि मी तेव्हा वरच्या मजल्यावर त्याचीच वाट बघत बसले होते.